रिकामी आलेली होडी

जुनी होडी घेताना काय काय बघायचं, हे मला बी. ए. व्हायच्या आधीपासून ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी मान वर करून सांगतो. पण भीमेवरच्या नावाड्याचा मुलगा आहे, हेही तितक्याच मोठ्यानं सांगतो.

दादा, माझा थोरला भाऊ, पुरात गेला. पुढच्या उन्हाळ्यात आबांनी, म्हणजे वडिलांनी, होडी विकायला काढली, ती आईसाठी. होडी काठावर होती तोवर आई नदीकडं फिरकत नव्हती; पाणी शेजारणी आणून देत. आबांचा खांदा वल्ह्याला निकामी झाला होता, माझी पुण्याला मास्तरकी ठरली होती. तरी आबा रोज सकाळी होडीत घागरी ओतायचे. कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. गिऱ्हाईक यायचंय म्हणून ओततो, म्हणायचे. गिऱ्हाइकाचा पत्ताही नव्हता तेव्हापासून ओतत होते.

शेवटी नीरेकाठचे एक म्हातारे नावाडी आले. मी त्यांना तात्या म्हणू लागलो. त्यांनी घाई केली नाही. बोटाच्या पेरानं एकेक फळी वाजवली, खिळ्यांचा गंज नखानं खरवडला, आत डोकं घालून वास घेतला. कुजलेलं लाकूड वासाला लपत नाही. होडी दगडांवर टेकवलेलीच होती. आम्ही ती पाण्यानं अर्धी भरली आणि तात्या बाहेरून बुडाला हात फिरवत बसले, कुठं पाझरते का बघत. हात कोरडाच राहिला.

"पोरीगत जपलीया की, आबा. मी बायकोला बी एवढं जपलं न्हाय."

आबा हसले. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

मग उरलं शेवटचं विचारणं. ते विचारल्याशिवाय आमच्यात कुणी जुनी होडी घेत नाही. तात्यांनी होडीच्या काठावर तळवा टेकवला.

"हिनं कुणाला घेतलंय का?"

नीरेकाठी कुणाला काय कळणार होतं? पण त्या प्रश्नाला नावाडी खोटं बोलत नाही. आबांनीही होडीवर हात ठेवला.

"माझा थोरला गेला. पर हिनं न्हाय घेतला, नदीनं घेतला. ही बिचारी रिकामी आली परत."

तात्यांनी तो हात कपाळाला लावला. "माझी पोरं बसणार हिच्यात, आबा. न्हाय जमायचं," एवढंच म्हणाले. भाकरी खाऊन गेले.

दुसऱ्या दिवशी घागर भिंतीशी पालथीच राहिली. वैशाखाचं ऊन. थोड्याच दिवसांत फळ्यांच्या फटींतून पलीकडची नदी दिसायला लागली. आता तिला होडी म्हणवत नव्हतं.

तेव्हा एका संध्याकाळी आई खाली नदीवर आली. घागर भरून घेतली, परत निघाली आणि होडीपाशी थांबली. मग सगळी घागर तिनं आत ओतली. पाणी जराही थांबलं नाही. सांध्यांतून सरळ वाळूत गेलं.