उजवीकडच्या माणसासाठी

आमच्या वेल्डरला सगळे ‘भोंगा’ म्हणतात. तो प्रार्थना करायला लागला की गल्लीच्या टोकावरची कुत्री भुंकायला लागायची. देवाला कमी ऐकू येतं असं त्याला कुणी सांगितलं होतं, ते तोच जाणे.

दर शनिवारी सकाळी, कामं सुरू व्हायच्या आधी, आम्ही सहा-सात ख्रिस्ती पुरुष त्याच्या वर्कशॉपमध्ये जमायचो. स्टूल, उलटा डबा, जे मिळेल त्यावर गोल करून बसायचं. नियम त्याचाच. स्वतःसाठी कुणी प्रार्थना करायची नाही. उजवीकडच्याला काय हवं ते विचारून त्याच्यासाठी करायची. “स्वतःचं रडगाणं घरी गा,” तो म्हणायचा. त्याच्या उजवीकडे मी, शिंपी. डावीकडे प्लंबर. या नियमापायी प्लंबरची दारू सुटली, कारण कुणीही विचारलं तरी भोंग्याच्या देखत “माझं बरं चाललंय” अशी थाप मारायची कुणाची छाती नव्हती.

मग त्याची बायको गेली. तिच्या आजारपणात त्याने घसा बसेपर्यंत प्रार्थना केली होती. दफनानंतरच्या शनिवारी तो म्हणाला, “तुम्हाला बसायचं तर बसा. माझं देवाशी बोलणं बंद.” आणि आमच्याकडे पाठ करून ग्रिलवर कानस चालवू लागला.

पाळकसाहेब समजावून गेले. पालथ्या घड्यावर पाणी. कुणीतरी म्हणालं, आपण चर्चच्या हॉलमध्ये बसू या. माझं डोकंच फिरलं. “तो तरी कुठे गेलाय? मग आपण का उठायचं?”

त्याचं स्टूल आम्ही रिकामं ठेवलं. प्लंबर दर शनिवारी त्याच्या पाठीकडे बघत त्याच्यासाठी प्रार्थना करायचा. माझी पाळी मात्र तशीच राहायची. बाकीचे माझ्यासाठी प्रार्थना करायला पुढे यायचे, पण मीही हट्टाला पेटलो होतो. करील तर तोच करील.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला. दुसरा डोळा लहानपणापासून अधू. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, पण खात्री देता येत नाही. सुईत दोरा ओवता आला नाही तर शिंप्याने खायचं काय? मी पुरता घाबरलो होतो.

त्या शनिवारी मी त्याच्या पाठीला सांगितलं, “सोमवारी माझं ऑपरेशन आहे. तू प्रार्थना कर, नाहीतर मी तसाच जातो.”

“दुसऱ्या कुणाला सांग.”

“तुझ्या उजवीकडे मी बसतो.”

“गाढवा, माझं तिकडे ऐकत नाहीत!”

“नसू दे. मला ऐकायचंय.”

कानस थांबली. तो आला, धप्पकन स्टुलावर बसला आणि माझा हात धरला. आवाज इतका बारीक, की त्याचा वाटेना. “प्रभू, तुझं-माझं भांडण मिटलेलं नाही. पण याचे डोळे सांभाळ. याला दुसरं काही येत नाही. आमेन.”

तो उठणार, तोच प्लंबरने त्याचा खांदा दाबला आणि त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली. भोंगा बसून राहिला. रडला.

ऑपरेशन झालं. नजर किती परत येईल ते पट्टी सुटल्यावरच कळणार होतं. पुढच्या शनिवारी प्लंबर माझा हात धरून मला घेऊन निघाला. मला धड दिसत नव्हतं आणि आम्हाला उशीरही झाला होता. गल्लीच्या टोकाला पोचतो न पोचतो, तोच कुत्री भुंकायला लागली.