कदम सरांना टिकवायची खटपट

चार मास्तर एकाच कवेलूच्या छपराखाली पावसाळे काढतात, तेव्हा किस्से जमवावे लागत नाहीत. भिंतीवरच्या शेवाळासारखे ते आपोआप धरतात! मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या आमच्या शाळेत तर भिंतच दिसेनाशी झाली होती.

ऐंशीनंतरची गोष्ट. बाहेरचा मास्तर आमच्याकडे टिकत नसे. पोळ्याचे बैल सजायच्या आत बदली करून पसार! म्हणून साताऱ्याचे कदम सर आले, तेव्हा आमचे हेडमास्तर रामटेके गुरुजी मला म्हणाले, "मास्तर खुश, तर शाळा खुश. याले जपाचं, भाऊ!"

*

"इकडे साप येतात का हो?" हा कदम सरांचा पहिला प्रश्न.

गुरुजींनी धीर दिला, "छे! येत नाई. ते इथीच राह्यतात. येतो ते आपण!"

सरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "साहेब तपासणीला आले, की मी बदली मागणार!"

*

गुरुजींना मलेरियाची धास्ती फार. शनिवारी प्रार्थना झाली, की सगळ्या स्टाफनं पोरांसमोर कडू गोळी गिळायची, असा त्यांचा कायदा. कदम सरांनी गोळी जिभेखाली दडवली आणि मोहाच्या झाडामागे जाऊन थुंकली. वळून बघतात तर मागे अख्खी चौथी उभी!

"गुरुजीऽ, सरनं गोळी थुकली!"

गुरुजींनी शांतपणे दुसरी काढली. "नवीन हायेत ते. टाळ्या वाजवा, घेतीन बरोबर."

टाळ्यांच्या गजरात गोळी पोटात गेली. सरांचं तोंड दुपारपर्यंत वाकडंच होतं.

*

रोजच्या भातानं सर कंटाळले, ज्वारीच्या भाकरीसाठी झुरू लागले. गुरुजींनी चंद्रपूरहून पीठ आणवलं. धानाच्या मुलखात वाढलेल्या त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. ती पाटीसारखी टणक झाली! पहिल्याच घासाला सरांच्या डोळ्यांत पाणी.

वहिनी हरखल्या. "पाहा, गावची आठवण आली बिचाऱ्याले!"

अंगणात आल्यावर सर माझ्या कानाशी म्हणाले, "अहो, दाढ हलली माझी!" पण तीन खाल्ल्या त्यांनी.

*

आणि साहेब आले! नेमके त्याच दिवशी सर तापात शिकवता शिकवता खुर्चीतच झोपलेले. पोरांनी त्यांच्यावर घोंगडी घातली होती, एक पोरगी पुठ्ठ्यानं वारा घालत होती. गुरुजी दारातच आडवे आले.

"साहेब, चपला बाहेर काढा. आवाज होते."

"शाळा आहे की धर्मशाळा?"

"दोन दिवस तापात शिकवून राह्यले ते. वर्ग उपाशी नाई ठेवला त्याइनं."

साहेबांनी आत डोकावून पाहिलं. मग चपला काढून आत गेले, टाटपट्टीवर मांडी घातली आणि हळू आवाजात स्वतःच पाढे घ्यायला लागले! सतराच्या पाढ्याला त्यांचा आवाज चढला, तशी वारा घालणारी पोरगी खेकसली, "हळू बोला ना जी! आमचे सर उठतीन!"

साहेब चक्क "बरं, बरं" म्हणाले.

मी खिडकीतून बघत होतो. कदम सरांनी एक डोळा उघडला. समोर, हाताच्या अंतरावर, बदली देणारे साहेब. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, घोंगडी नाकापर्यंत ओढली आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.