चादरीखालचा हात

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलते. चौथी शिकलेली बाई मी, चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. पण हे न सांगणं त्यातलं नाही.

आमच्या ह्यांना झेंडूच्या मळ्यातच लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यातून सोडल्यावर तिथल्याच एका केंद्रात ठेवलं. तिथेच राहायचं, रोज व्यायाम करून घेतात. तिसऱ्या आठवड्यात हे दांडी धरून चार पावलं चालले. तिथे रुग्णांचं सगळं करायला शांतामावशी होत्या, सिन्नरहून एसटीने यायच्या. त्या मागून म्हणाल्या, "सावकाश मालक, फुलबाजार कुठं पळून नाही चालला." हे हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

गिळायचं शिकवणाऱ्या मॅडमनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. पाणी, चहा, पातळ काहीही द्यायचं नाही. पावडर घालून पेजेसारखं घट्ट करायचं, ताठ बसवून चमच्याने द्यायचं. पातळ असलं की ते छातीत उतरतं. मी मान हलवली होती. कळलं नव्हतं असं कसं म्हणू?

पण तो घट्ट चहा हे थुंकून टाकायचे. जन्मभर बशीत ओतून फुर्र करून पिणारा माणूस. एका दुपारी मी माझा चहा बशीत ओतला, तर हे डाव्या हाताने बशीकडे दाखवत राहिले. डोळ्यांत पाणी. मावशी जेवायला गेल्या होत्या. मी बशी ह्यांच्या ओठांना लावली. एकदा नाही — तीन दिवस लावली, मावशी गेल्या की. ठसका लागायचा, थोडाच. मी पाठ चोळायची. आणि खरं सांगू? मलाही बरं वाटायचं. घरच्या ओट्यावर बसल्यासारखं.

चौथ्या दिवशी ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली. न्यूमोनिया म्हणाले, परत मोठ्या दवाखान्यात हलवायला लागेल. गाडी येईपर्यंत डॉक्टर खाटेशी उभे होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मावशी. डॉक्टरांनी विचारलं, "पातळ काही दिलं होतं का कोणी?"

मावशी नाही म्हणाल्या. मी खाली बघितलं. तेवढ्यात ह्यांचा डावा हात उठला — माझ्याकडे. माझं नाव सांगत होते? मला धीर देत होते? की नुसतं पाणी मागत होते? मला अजून माहीत नाही. मी तो हात धरला, चादरीखाली घातला आणि वरून दाबून ठेवला. त्या माणसाजवळ बोलायला तेवढा एकच हात उरला होता. मग मी म्हणाले, "भरवतात मावशी. मला काय माहीत."

एरवी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा कसे फुटले?

मावशी भांडल्या नाहीत. ह्यांचे कपडे पिशवीत भरायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं, हे मला मुलाकडून कळलं. बरं झालं, हलगर्जी बाई होती, असंही तो म्हणाला. मी त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं.

हे वाचले. पण ती चार पावलं परत आली नाहीत. आता पडवीत खाटेवर असतात, समोर फुलांच्या पाट्या भरताना बघतात. मी पावडर मोजून चहा घट्ट करते, चमच्याने देते. आता थुंकत नाहीत.

कोणी भेटायला येतं. बरं चाललं होतं, मग परत दवाखान्यात कशामुळे न्यावं लागलं, असं विचारतं. तेव्हा हे माझ्याकडे बघतात, आणि तो डावा हात आपणच चादरीखाली घेतात.