काळुकाकांना कोर्टासाठी नटवलं

आता काय सांगू तुम्हाला, चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर हसताना सांडाल. हसा बिनधास्त, मला वाईट वाटत नाही. माझी ही फजिती आता आमच्या गावाची सार्वजनिक मालमत्ता झालीय. मुरबाडच्या त्या बाजूला माझं नाव सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग बसायला पाट देतो.

मी राहतो आसनगावला, नोकरी कल्याणला. पण मूळ गाव सिद्धगडाच्या बाजूचं, आणि गावात माझे काळुकाका. वडिलांचे धाकटे भाऊ. मूलबाळ नाही, काकीची नजर अधू. थोडंसं भाताचं शेत, आणि ते संपलं की वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. घरात दोन भाकरी असल्या तर एक बैलाला घालणारा माणूस. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही. पण ते असो, आपण हसायला बसलोय.

झालं असं, की काका म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजारात, आपल्या बैलाला जोडीदार बघायला गेले. तिथल्या एका व्यापाऱ्यानं काकांच्या बैलाचं तोंड उघडलं, दात पाहिले आणि म्हणाला, "याला गवत चावून द्यायला माणूस ठेवा." काकांनी हातातली काठी त्याच्या खांद्यावर घातली. पोलीस आले, केस झाली आणि ती कोर्टात गेली.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

काका म्हणाले, "मारला तं मारला. बैलाला बोलला तो. बैलाला उलटं बोलता येत नाय, मंग कोणी बोलायचा?"

कबुलीच ती. आता फक्त शिक्षा व्हायची होती, आणि तिची तारीख पडली नेमकी दिवाळीनंतर. वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं, दंड होईल आणि तो भरला नाही तर आत जावं लागेल. वकीलबाई म्हणजे गरिबांना कोर्टाकडून फुकट मिळतात त्या. तरुण होत्या, पण जीव लावून काम करायच्या.

काका दंड कुठून भरणार? आणि शेतात भात पिकून उभं. वेळेवर कापलं नाही तर दाणा शेतातच झडतो. काकी मला फोनवर म्हणाली, "संज्या, त्यांना आत घातला तं भात कोण कापल रे? मना तं बांध पण धड दिसत नाय."

मलाच फोन का? तर गावात कोर्टाचा जाणकार मी. त्याचं कारण एवढंच, की माझ्या ऑफिसच्या खिडकीतून कोर्ट दिसतं.

वकीलबाईंनी मला बजावलं होतं, "काकांना वेळेवर आणा, सोबत रेशनकार्ड आणा. बाकी मी साहेबांना परिस्थिती सांगते. दंड कमी करून हप्ते मागू." सगळं नीट ऐकलं होतं मी. पण आमच्याकडे एक रीत आहे. तालुक्याला जायचं, साहेबासमोर उभं राहायचं, तर घरची गरिबी घरी ठेवून जायचं. माझे वडील दात काढायला निघाले तरी टोपी इस्त्री करून घ्यायचे. मग कोर्टात काकांना फाटक्या बनियनवर नेऊ? लोक काय म्हणतील, पुतण्या नोकरीला आणि काका असा?

मी आदल्या संध्याकाळीच गावात पोचलो आणि गाव कामाला लावलं. आमच्या गावाला मदत करायला कारण लागत नाही. गणपतच्या जावयानं लग्नातला कोट दिला. पोलीस पाटलांनी घड्याळ दिलं. कोणी सदरा आणला, कोणी अंगठ्या, कोणी चकाकते बूट. शेजारच्या काशीवहिनीनं तर नवऱ्याच्या गळ्यातली सोन्याची चेन काढून आणली.

काका कोटात हात घालता घालता म्हणाले, "संज्या, मी शिक्षेला चाललोय का वऱ्हाडात?"

"काका, साहेबावर छाप पडली पाहिजे."

"पडल रे. पण हे बूट माज्या पायात ऱ्हाणार नायत, ते पण पडतील."

काकीनं जवळ येऊन कोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लग्नात पण असे दिसले नव्हते." काका लाजले. ते लाजलेलं तोंड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

गाडी होती हऱ्याची. हऱ्या गावातला आमचा शेजारी, भाड्यानं गाडी चालवतो. आदल्याच दिवशी ती नवरदेव पोचवून आली होती. पुढचा झेंडूचा हार काढायला हऱ्याला सवड झाली नव्हती. मीही म्हटलं, राहू दे, शुभ असतं.

अशी आमची वरात मुरबाडच्या कोर्टासमोर उभी राहिली. शिपायानं काकांना नमस्कार केला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात वकीलबाई बाहेर आल्या. गाडी पाहिली, हार पाहिला, काका पाहिले, आणि हातातली फाइल छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हे कोण?"

"काका."

"अहो, मी अर्जात लिहिलंय की हा माणूस मजुरी करतो, याला दोन वेळचं जेमतेम मिळतं. आणि तुम्ही मला हे जमीनदार आणून दिलेत?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पुढची हाक आमचीच होती. मी काकांना ओढत भिंतीआड नेलं आणि एकेक काढायला लागलो. कोट काढला, चेन काढली, अंगठ्या, घड्याळ, बूट सगळं. सदरासुद्धा दुसऱ्याचा, म्हणून तोही काढला. पण ठेवायचं कुठे? हऱ्या गाडी घेऊन सावली शोधायला गेलेला. लोकांचं सोनंनाणं भिंतीवर तर ठेवता येत नाही.

मग मी काय केलं? सगळं स्वतःच्या अंगावर चढवलं. माझ्या शर्टावर काकांच्या अंगावरून काढलेला सदरा, त्यावर कोट, गळ्यात चेन, बोटांत अंगठ्या, माझ्या घड्याळाशेजारी पाटलांचं घड्याळ. बूट काखेत. आणि पुकारा झाला.

आत गेलो. पुढे काका, अनवाणी, धोतर आणि भोकं पडलेलं बनियन. मागे मी. वकीलबाईंनी काकांची परिस्थिती फार छान मांडली. साहेब मान हलवत ऐकत होते. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"हे कोण?"

"पुतण्या, साहेब," मी म्हटलं.

"काका उघडे, अनवाणी, आणि पुतण्याच्या हातात दोन घड्याळं? तुम्हाला वेळ दोनदा बघावी लागते का?"

मागे कोणीतरी फसकन हसलं. साहेब वकीलबाईंना म्हणाले, "नातेवाईक चांगले सधन दिसतात. मग हप्ते कशाला? दंड आजच भरू द्या."

वकीलबाईंनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे शेतात झडणारं भात आलं, आणि बांध चाचपडणारी काकी आली. खिशात माझ्याही काही नव्हतं, महिनाअखेर आणि घराचा हप्ता नुकताच गेलेला. मी हात जोडले. जोडताना काखेतले बूट धपकन खाली पडले.

"साहेब, यातलं काही माझं नाही."

"म्हणजे? कोट कोणाचा?"

"गणपतच्या जावयाचा."

"चेन?"

"काशीवहिनीच्या नवऱ्याची."

"घड्याळ?"

"पोलीस पाटलांचं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग यात तुमचं काय आहे?"

"लोकलचा पास आहे, साहेब. तोही उद्या संपतो."

अख्खं कोर्ट हसलं. मी जे घडलं ते भडाभडा सांगून टाकलं, कोर्टात नीटनेटकं यावं म्हणून काकांना कसं नटवलं ते, आणि मग ते सगळं माझ्या अंगावर कसं आलं ते. तेव्हा काका मध्येच बोलले.

"साहेब, त्याला रागं नका भरू. पोरगा चांगला हाय, डोका जरा कमी हाय. तुमी मनाच आत टाका. मी पळून जाणार नाय. फक्त भात कापून येतो. तेवढ्या दिसांचा टाइम द्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग दंड कमी केला आणि भात विकल्यावर हप्त्यानं भरायची मुभा दिली. वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचं का आणखी कशाचं, मी विचारलं नाही.

फक्त एक जामीनदार लागेल, साहेब म्हणाले. मी छाती पुढे काढून उभा राहिलो.

"तुम्ही नको," साहेब म्हणाले. "तुमची परिस्थिती आत्ताच ऐकली."

शेवटी हऱ्याला शोधून आणला. त्यानं गाडीची कागदपत्रं दाखवली आणि काका सुटले. त्या वर्षी मी रजा काढून कापणीला गेलो. विळा कसा धरतात ते काकांनी मला पुन्हा शिकवलं, मी बोट कापून घेतलं, आणि काकीनं माझ्या बोटाऐवजी काकांचं बोट बांधलं. नजर अधू होती ना. काकांनीही ते हसत बांधून घेतलं. दंड त्यांनी शेवटपर्यंत नेमानं भरला. असं भरलेलं शेत आणि असं हसणारं घर मी पुन्हा पाहिलं नाही.

आता काका नाहीत. शेतात कोणीतरी प्लॉट पाडलेत. दहाव्याला मी नदीवर गेलो, तर लांबच्या गावचे पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजत होते. मी हऱ्याला विचारलं, काय बोलतायत रे?

हऱ्या म्हणाला, "काकानं तुझी कीर्ती लई लांब नेलीय. ते इचारतायत, काळुरामनं कोर्टाचे पाया पडून सोडवून आणला, तो गुन्हेगार पुतण्या हाच का?"