डिक्कीवरचा हात

गाडीचा आवाज बदलून देणारा गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात एकच माणूस होता, आणि तो बहिरा होता. हे मी आज सरळ लिहू शकतो, कारण आता ते सगळ्या गोंदियाला ठाऊक आहे. त्याआधी कितीतरी वर्षं ते चौघांनाच ठाऊक होतं. त्याची बायको फुलवंता, त्याची मुलगी योगेश्वरी, शेजारी टायरचं दुकान असलेला मी, आणि चौथा तो स्वतः, टिकेश रहांगडाले. तो मात्र ते मान्य करत नव्हता.

टिकेश सायलेन्सर बसवायचा. कंपनीचा काढून दुसरा लावायचा, पाइप कापायचा, वाकवायचा, जोडायचा. मोटारसायकली तो हातात घेत नसे, कमीपणा वाटायचा. फक्त कार, आणि त्यातही ज्यांना पळण्याचा शौक आहे अशा. लोक त्याला उस्ताद म्हणत आणि त्याला ते भारी आवडायचं. विनयाचं आणि त्याचं कधी जमलं नाही. गिऱ्हाइकाने स्वतःचं मत सांगायला तोंड उघडलं की तो म्हणायचा, "गाडी तुही, अक्कल माही." गिऱ्हाईक गप्प. मी मध्ये बोललो तर मलाही सोडत नसे. "योगराज, तुमी कोहळी मानसं. तुमाले तलाव समजते, पानी समजते. आवाजात नोको पडू." आता आम्हा कोहळी जातीच्या लोकांनी, माझ्या पणजोबांच्या पिढीने, तलाव बांधले हे खरं, पण म्हणून मला कान नाहीत असं थोडंच आहे?

तरुणपणी तो राइस मिलमध्ये फिटर होता. गोंदियाच्या मिलमध्ये वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला दोन गोष्टी येतात. एक म्हणजे ओठ वाचणं. पट्टे, चाळण्या आणि पॉलिशरच्या कल्लोळात घसा फोडण्यापेक्षा समोरच्याच्या तोंडाकडे बघणं सोपं, म्हणून तिथे सगळे तोंडाकडे बघूनच बोलतात. दुसरी म्हणजे मशीनवर तळहात ठेवून तिची तब्येत सांगणं. बेअरिंग गेलं, पट्टा सैल झाला, हे मिलचा जुना माणूस हाताने सांगतो. या दोन विद्या मिलने टिकेशला दिल्या आणि त्याचे कान हळूहळू काढून घेतले. त्या दोन विद्यांच्या जोरावर त्याने बहिरेपण असं लपवलं की पाठीमागून हाक मारल्याशिवाय कुणाला संशय येऊ नये.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्याला आवाज कळायचा. गाडी आली की आधी विचारायचा, चालवतोस कुठे? सडक अर्जुनीहून एक जण रोज हायवेने यायचा. त्याला मनगटाएवढा जाड पाइप हवा होता. टिकेशने त्याला चक्क हाकललं. म्हणाला, "ऐंशीच्या वर गेलास का गाडीत घूं घूं भरून राहील, डोकं दुखंल. अना गावात पिकअप जाईल तो वेगळाच." पोरांना वाटतं पाइप जेवढा जाड तेवढी ताकद. तसं नसतं. जाड पाइपात धूर सैल पडतो, खालच्या गिअरला गाडी ओढत नाही. ताकद मिळते ती वर, इंजिन पिसाटासारखं फिरत असताना. आमच्या रस्त्यावर गाय, सायकल आणि धानाची ट्रॉली ओलांडून तिथवर पोचणार कोण? म्हणून टिकेश पाइप बेताचा घ्यायचा आणि मध्ये आवाज मुरवणारा डबा ठेवायचा. त्याच्या हातची गाडी तेव्हा खालच्या सुरात, भरल्या पोटाने बोलायची. हे सगळं मी त्याच्याच तोंडून शिकलो.

बिरसीच्या वैमानिक शाळेची छोटी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. पूर्वी टिकेश मान वर न करता सांगायचा, "याचं इंजिन आज खोकून राहिलं." एकदा असंच एक विमान इतकं खालून गेलं की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून उठलं. टिकेश बाहेर उभा राहून चहा पीत होता, त्याच्या हातातला कपसुद्धा हलला नाही. मी त्याच्या पाठीमागे जाऊन म्हटलं, "टिकेश, तुह्या दुकानाले आग लागली." तो चहा पीतच राहिला.

पुढे जे झालं ते मला आजही पचत नाही. त्याचे कान जसजसे गेले तसतसे त्याचे पाइप जाड होत गेले. आधी डबा लहान झाला, मग नुसता नावाला उरला. त्याला स्वतःला काही जाणवेपर्यंत तो आवाज वाढवत न्यायचा आणि मग म्हणायचा, आता जमलं. गाडी चौकातून गेली की म्हाताऱ्यांच्या हातातली काठी थरथरावी असा तो आवाज. आणि लोकांनी काय करावं? नावं ठेवली नाहीत, उलट वाहवा केली. तिरोड्याहून पोट्टे यायला लागले, बालाघाटहून यायला लागले. माणसाचं काम बिघडत गेलं आणि कीर्ती वाढत गेली.

योगेश्वरीने त्याच्यासाठी कानाचं मशीन आणलं होतं. फुलवंता वहिनीने किती विनवलं. तो तिच्यावरच उखडला. "कानात मशीन घालून मी आवाज विकू? कोन येईल मंग? उस्ताद बहिरा आहे म्हनून माहीत झालं का संपला टिकेश." मशीन डबीतच राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसा तो त्या एका मुठीवर जगत होता. मूठ उघडली तर हातात काहीच नाही हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तर तो इतका तोऱ्यात वागायचा.

मग हिमांशू आला. राइस मिलवाल्या शेठचा मुलगा, नागपूरहून जुनी पण झकपक अशी लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी घेऊन. त्याला आवाजही हवा होता आणि ओढही. टिकेशने तीन पाइप काढले. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी बघत उभा होतो.

पहिला पाइप डब्याचा होता. गाडी सुरू केली आणि माझ्या हातातला पाना तसाच राहिला. खोल, भरलेला, अंगावर न येणारा आवाज. टिकेशने डिक्कीवर हात ठेवला, डोळे मिटले. ही त्याची पद्धत. लोकांना वाटायचं उस्ताद ध्यान लावून ऐकतो आहे.

"मेलेला आहे हा. काढ."

"उस्ताद, मुझे तो यही अच्छा लग रहा है," हिमांशू म्हणाला.

"गाडी तुही, अक्कल माही."

दुसरा अर्ध्या डब्याचा, तोही काढला. तिसरा म्हणजे सरळ नळकांडं, आत काही नाही. गाडीने जो आवाज काढला त्याने कुत्री पळाली आणि समोरच्या घरातलं बाळ किंचाळून रडू लागलं. टिकेशच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आता बोलली," तो म्हणाला. हिमांशूने मान डोलावली. उस्ताद म्हणतो म्हणजे असेलच काहीतरी, हे त्याच्या तोंडावर वाचता येत होतं.

थोड्या दिवसांनी तो परत आला, तणतणतच. डोकं दुखतं, गाडी उठत नाही, रेल्वेचं फाटक उघडल्यावर एका साध्या गाडीने मागे टाकलं, मित्र हसले. शिवाय जोडातून टिकटिक ऐकू येते. टिकेश गाडीखाली वाकलेला, पाठ हिमांशूकडे. हिमांशू बोलतोय, हा गप्प. हिमांशू आणखी मोठ्याने बोलला, हा गप्प. तेवढ्यात फुलवंता वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी सवयीप्रमाणे नवऱ्याचा खांदा हलवला, त्याला आपल्याकडे वळवलं आणि मगच तोंड उघडलं. हिमांशूने ते पाहिलं. पोरगा हुशार होता. त्याने टिकेशकडे नीट पाहिलं आणि तक्रार तिथेच सोडून गाडीकडे वळला.

शिकलेला, मोठ्या घरचा मुलगा. "काका, एकदा कान दाखवून घ्या, आणि माझा पाइप बदलून द्या" एवढं म्हणाला असता तर मी त्याला घरी नेऊन जेवू घातलं असतं. पण तसं म्हणण्यात मजा नसते.

दुसऱ्या दिवशी तो दोन मित्रांना घेऊन आला. गाडीच्या डिक्कीत मोठा स्पीकर ठेवलेला. एकाने मोबाइल धरला होता. हिमांशू सीटवर बसला आणि आरशातून टिकेशला खूण केली, ऐका. टिकेशने डिक्कीवर हात ठेवला, डोळे मिटले. इंजिन बंद होतं. किल्ली बाहेर उभ्या मित्राच्या बोटात फिरत होती. डिक्कीत लग्नातल्या डीजेचं गाणं धडधडत होतं, नवरीच्या मामीला नाचायला बोलावणारं.

"हव, आता बरोबर," टिकेश म्हणाला. "आनखी रेस दे."

हिमांशूने गाणं वाढवलं.

"पाहा कसा दम धरला. कंपनीवाल्यानं मारून ठेवली होती, म्या जिती केली." त्याने डोळे उघडले. पोरं हसत होती, वाकून वाकून. त्यांना काम आवडलं असं समजून तोही हसला. त्यांच्यात मिसळून, मोठ्याने.

मी पाना टाकून धावलो. हिमांशूची कॉलर धरली. "लाज वाटत नाही काय बे तुले? बापाच्या वयाचा मानूस आहे." तो म्हणाला, "अंकल, मजाक था. इतना क्या सीरियस होना." टिकेशने माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओठांकडे. मग त्याला त्या मित्राच्या बोटातली किल्ली दिसली. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचा हात अजून डिक्कीवर होता आणि डिक्की अजून थरथरत होती. त्याने हात उचलला, पँटला पुसला आणि दुकानात जाऊन पाठमोरा बसला. त्या क्षणी मला हिमांशूपेक्षा त्या गाण्याचा राग आला, इतका मी बधिर झालो होतो.

व्हिडिओ फिरला. कुडव्यातून गोंदिया, गोंदियातून कुठे कुठे. टिकेशला वाटलं होतं आता कुणी येणार नाही. झालं उलटंच. गर्दी वाढली. पोरं गाडी घेऊन यायची, "उस्ताद, हाथ रखो ना" म्हणायची आणि मोबाइल काढायची. कुणाची गाडी सुरू असायची, कुणाची नसायची. त्याला आता कळेना, कोण काम करून घ्यायला आलंय आणि कोण तमाशा बघायला. मी दोघातिघांना हुसकावलं. पण मांजरांच्या गावात दुधाची राखण किती दिवस करणार?

एक दिवस सकाळी योगेश्वरी दुकानात आली. डबी उघडून मशीन काढलं आणि बापाच्या कानात बसवलं. त्याने बसवू दिलं. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं.

फुलवंता वहिनी नेहमीसारख्या ओरडून म्हणाल्या, "आयकू येते का जी?"

"हळू बोल," टिकेश म्हणाला.

वहिनींना रडू कोसळलं. किती वर्षांत त्यांना घरात हळू बोलायला मिळालं नव्हतं. टिकेश इकडेतिकडे बघत होता. माझ्या दुकानातला हवा भरायचा पंप सुरू झाला तसा त्याने मान वळवली आणि मला हसून म्हणाला, "योगराज, तुह्या पंपाचा वॉल्व्ह गेला." मला इतका आनंद झाला की मी पंप दोनदा बंद-चालू करून दाखवला. वाटलं, आता हा पुन्हा बेताचे पाइप लावेल, आणि ती सगळी पोरं आपोआप विसरली जातील. माणूस आशेवर काय काय बांधतो.

तेवढ्यात रिंगरोडकडून एक गाडी आली. दिसायच्या आधी ऐकू आली. पत्र्याच्या डब्यात दगड भरून कुणी उतारावरून सोडावा, तसला आवाज. टिकेशने दचकून कानावर हात दाबला. चेहरा आंबट झाला.

"कोन्या गाढवानं लावला हा?"

योगेश्वरीने खाली पाहिलं. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात, पण तेव्हा मी पंपाची नळी गुंडाळत बसलो.

गाडी दुकानासमोरच थांबली. आतून एक पोरगा उतरला, तिरोड्याचा. टिकेश तडक गाडीखाली गेला. वेल्डिंग ज्याचं त्याला ओळखू येतं. जोड त्याच्याच हातचे होते. बाहेर आला तेव्हा त्याने पोराकडे पाहिलं नाही, गाडीकडेच पाहत म्हणाला, "हा काढून टाकू. डब्याचा लावून देतो. फुकट."

"डब्बा?" पोरगा हसला. "अरे उस्ताद, डब्बा ही लगाना होता तो आपके पास क्यों आते? मैं तो और बढ़वाने आया हूँ."

टिकेशने योगेश्वरीकडे पाहिलं. कानातून मशीन काढलं, शर्टाला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"ठेव बाई. आयकू येत असताना हा धंदा नाही होत."

"बाबूजी," ती म्हणाली. तो आधीच वळला होता, त्याला ते कळलं नाही. त्याने गाडी वर उचलली, कटर घेतलं आणि पाइपात जो थोडासा डबा उरला होता तोही कापून काढला.