तेलाचं बूच

दारूचा थेंब जिभेला न लावता दारूपायी देशोधडीला लागलेला माणूस पाहिलाय कधी? नसेल, तर नीट पाहून घ्या, तुमच्यासमोर बसलाय. चहा निवू दे, आधी माझं ऐका.

ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. माझी बदली मोखाड्याला निघाली होती. मोखाडं म्हणजे जंगल आणि हिवताप. नुसतं नाव काढलं की आमच्या हिचा पदर डोळ्यांना. मी साहेबाच्या हातापाया पडलो. साहेब म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मोठे साहेब माझ्याकडे जेवायला येणार. ते खूश झाले, तर तुझ्यासाठी शब्द टाकतो."

आणि दौऱ्यावर निघताना एक पेटी माझ्याच हवाली केली. आत इटली देशाची तांबडी दारू. "जेवणाच्या दिवशी बंगल्यावर आण. तोवर सांभाळ." एवढंच. आता सांभाळ म्हणजे नुसतं बघत बस, असं मला कुणी सांगितलं होतं का?

पेटी उघडली. आत गोल पोटाचे काचेचे चंबू आणि प्रत्येकाला गळ्यापर्यंत गवत विणलेलं. बोटीतल्या ओलीनं ते काळवंडलं होतं. बूच तर नव्हतंच, नुसता कागदाचा बोळा. आमच्या गणू शिपायानं तो काढून आत डोकावून पाहिलं.

"अण्णा, यान तं तेल परलाय."

खरंच, वर बोटभर तेल तरंगत होतं. माझं डोकंच फिरलं. "साहेबाला फसवलं मेल्यांनी. काढ ते तेल."

"सायबाला इचारू का आधी?"

"साहेब दौऱ्यावर. आणि यात विचारायचंय काय?"

दारूला शिवायचं नाही म्हणून मी हाताला फडकं गुंडाळलं आणि काडीला कापूस लावून सगळं तेल टिपून काढलं. धर्मही राखला, चाकरीही राखली! मग गवत सोललं, चंबू पुसून लख्ख केले. तर गवत निघाल्यावर ते मेले उभेच राहीनात. ठेवला की लवंडला. शेवटी बायका हंड्याखाली घेतात तशा चुंबळी वळल्या, त्यांवर एकेक बसवला, तोंडाला स्वच्छ फडकी बांधली. ऐन वैशाखात आठवडाभर मी रोज जाऊन त्यांचं दर्शन घ्यायचो. किती छान दिसत होते म्हणून सांगू.

जेवणाच्या दिवशी मी बंगल्याच्या पडवीत शाबासकीची वाट बघत उभा. मोठ्या साहेबांनी पेला उचलला, घोट घेतला आणि कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड केलं. आमचा साहेब तडक बाहेर आला.

"वरचं तेल कुठे आहे?"

"काढलं साहेब, पार टिपून." मी छाती काढून सांगितलं.

साहेब पायरीवर मटकन बसला. "ही दारू तुरट असते, आंबट नाही. तिकडे टस्कनी प्रांतात बायका ते गवत विणतात, म्हणून चंबू उभा राहतो. बुचाऐवजी तेल घालतात, म्हणून दारूला हवा लागत नाही. वाडवडिलांपासूनची रीत आहे ती. तेल काढायचं ते पेल्यात ओतायच्या वेळी. तू आठवडा आधी काढलंस. आत मोठे साहेब सिरका पितायत."

मी विचारलं, "आणि माझ्या बदलीचं?"

"मोखाड्याला आंबे चांगले होतात म्हणे," साहेब म्हणाला आणि आत गेला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, निदान भांडेल तरी. पण तिनं पान वाढलं, लोणच्याची बरणी आणून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "अहो, ह्याच्यावर तेल कशाला घालतात?"

"एवढंही ठाऊक नाही? हवा लागून नासू नये म्ह..."

घास हातातच राहिला. इटलीच्या माणसाला मी आठवडाभर शिव्या घातल्या, आणि त्याची अक्कल माझ्याच फळीवर बरणीत होती.

मोखाड्याच्या वाटेवर बैलगाडीत सगळं सामान हिनं माझ्या भरवशावर टाकलं. कपडे, भांडी, देवसुद्धा. लोणच्याची बरणी मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली होती.