मंडईच्या तारखेला दीडशे पाहुणे

नाव: श्रीमती उर्वशी टेंभरे. पदनाम: सभास्थळ समन्वयक (कंत्राटी, अकरा महिने), पर्यटन माहिती केंद्र, गोंदिया. कर्तव्य: जिल्ह्याबाहेरील संस्थांना बैठका व मेळाव्यांकरिता योग्य जागा सुचविणे. मुदतवाढीची अट: किमान एक मेळावा केंद्रामार्फत ठरलेला असावा.

कर्तव्य तिने मनावर घेतलं, ही पहिली चूक. गोंदियापासून चिचगडपर्यंत एकूण एक सभागृह आणि लॉन तिने स्कूटीवरून जाऊन पाहिलं. कुठे बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, कुठे बस वळत नाही, सगळं वहीत. दिवाळीनंतर कोणत्या गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, कधी, तेही वहीत. त्या दिवशी गावात लेकी-जावई, पाळणे, जिलेबी आणि नाटक. दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.

नोव्हेंबरपर्यंत एकही मेळावा नाही. मग नागपूरच्या एका बियाणे कंपनीच्या वीरेंद्रचा फोन आला. दीडशे विक्रेते, जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळचं लॉन, बारा तारीख.

"सर, त्या दिवशी तिथं मंडई आहे. चौदाला गोंदियात हॉल देते, जनरेटरसकट."

"मॅडम, लॉन ऑनलाइन बुक झालं. फोटो मस्त आहेत. तुम्ही फक्त दीडशे माहितीपत्रकं पाठवा."

फोटोत मंडई नव्हती, हे खरं.

उर्वशी तडक लॉनमालक छोटेलालकडे गेली. "काकाजी, मंडईच्या दिवशी बुकिंग काऊन घेतली?"

"अवो बाई, नेमकी तेच तारीख मागून राहिले, तं मले वाटलं मंडई पाहालेच येऊन राहिले! नाटकवाल्याइले सांगून ठेवलं, पुढच्या खुर्च्या पाव्हण्याइसाठी ठेवा म्हणून."

नाटकाचं स्टेज दरवर्षी याच लॉनवर बांधतात. ही सांगायची गोष्ट आहे, असं गावात कोणाला वाटत नाही. उर्वशीने वीरेंद्रला आणखी दोन फोन केले, एक ईमेल पाठवला. उत्तर आलं: माहितीपत्रकं कधी?

बारा तारखेला बसगाड्या गावाबाहेर पाळण्यांपाशी अडकल्या. कंपनीच्या बॅनरच्या जागी नाटकाचा पडदा होता. विक्रेत्यांपैकी निम्म्यांची सासुरवाड आसपासचीच. ते जेवायला तिकडे पांगले. उरलेले जिलेबीच्या दुकानात.

"साहेब, बसा ना," छोटेलाल वीरेंद्रला म्हणाला. "पहिल्या लाइनीत ठेवलं तुमाले."

आठवड्याने कंपनीचं पत्र केंद्रात आलं: 'जिल्ह्यात सभास्थळांबाबत मार्गदर्शन करणारी कोणतीही यंत्रणा नाही.'

उर्वशीने आपला ईमेल छापून केंद्रप्रमुख दुर्गेश सरांच्या टेबलावर आपटला. सरांनी तो शांतपणे वाचला.

"बरोबर आहे तुमचं. पण मेळावा आपल्यामार्फत ठरला नाही ना?"

"त्याइनं ऐकलंच नाही, सर!"

"ऐकलं नाही, म्हणजे ठरला नाही."

"मग मले इथं कायले बसवलं होतं?"

सरांनी ईमेल फाइलला लावला आणि पत्राला उत्तर लिहायला घेतलं: झालेल्या गैरसोयीबद्दल केंद्र दिलगीर आहे.

फेब्रुवारीअखेर करार संपला. उर्वशी आता गोंदियाच्या बाजारात साड्यांच्या दुकानात काम करते.